मोटार धुताना साबणाचा सामू

मोटार धुवायला काय लागते? दोन बादल्या पाणी, एक फडके आणि घरात असेल तो साबण, असे बहुतेकांचे उत्तर असते. मग कोणी कपडे धुण्याची पावडर घेतो, कोणी साबणाची वडी किसून घालतो, तर कोणी भांडी घासण्याचा द्रव. फेस तिघांचाही होतो आणि मळही निघतो. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे तीन पदार्थ अगदी निराळे आहेत, आणि त्यांतील फरक ओळखायला स्वयंपाकघरातील हळद पुरेशी आहे.

थोडी हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा आणि कागद वाळू द्या. आता त्यावर तिन्ही द्रावणांचा एकेक थेंब टाका. वडीच्या आणि पावडरच्या थेंबाखाली पिवळा रंग लालसर तपकिरी होईल. भांड्यांच्या द्रवाखाली तो बहुधा पिवळाच राहील. हळद हा दर्शक आहे. पदार्थ अल्कधर्मी असेल तर ती लाल होते.

अल्कधर्म किती, हे सांगण्यासाठी सामू म्हणजे पीएच हे माप वापरतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९०९ साली सुचवले. शुद्ध पाण्याचा सामू ७, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. हे माप फूटपट्टीसारखे नाही, हे मात्र विसरू नका. येथे प्रत्येक पायरी दहापटीची असते. सामू १० असलेल्या द्रावणात ७ असलेल्या द्रावणापेक्षा हायड्रॉक्सिल आयन तिप्पट नव्हे, तर हजारपट असतात. साबणाच्या पाण्याचा सामू साधारण ९ ते १० भरतो आणि कपड्यांच्या पावडरचा १० ते ११.

साबण अल्कधर्मी का असतो? तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण होतो. तेलातील मेदाम्ले दुर्बल आणि कॉस्टिक सोडा प्रबळ. दुर्बल आम्ल आणि प्रबळ अल्क यांचा क्षार पाण्यात विरघळला की द्रावण अल्काकडे झुकते. मग त्यात लिंबू पिळून सामू ७ वर आणला तर? करून पाहा. द्रावण दुधाळ होईल, फेस बसेल आणि वर पांढरी साय तरंगू लागेल. ही साय म्हणजे सुटी झालेली मेदाम्ले. साबण साबणच राहिला नाही! तेव्हा उदासीन साबण ही गोष्ट खऱ्या अर्थाने बनवताच येत नाही.

प्रक्षालकाचे, म्हणजे डिटर्जंटचे तसे नाही. सोडियम लॉरिल सल्फेट घ्या. त्यातील आम्लाचा भाग सल्फ्युरिक आम्लापासून आलेला, म्हणजे प्रबळ. म्हणून त्याचे द्रावण उदासीन असूनही मळ काढते. मग कपड्यांची पावडर अल्कधर्मी कशी? कारण तिच्यात धुण्याचा सोडा मुद्दाम मिसळलेला असतो.

तो मिसळण्यामागे कारण आहे. घामातील व तेलकट मळातील मेदाम्ले अल्काशी संयोग पावून त्यांचाच थोडा साबण होतो. शिवाय अल्कधर्मी पाण्यात मळाचे कण आणि कापडाचे धागे या दोघांवरही ऋण विद्युतभार वाढतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. म्हणजे अल्क मळ काढते हे खरेच. अडचण एवढीच की मळ कोणता आणि आपल्याला हवे असलेले तेल कोणते, हे अल्काला कळत नाही. मोटारीला चकाकीसाठी चोळलेले मेण त्याच्या दृष्टीने मळच. ट्रकला किंवा लोखंडी फाटकाला दिलेला तेलरंग जवसाच्या तेलासारख्या तेलांवर आधारलेला असतो. तीव्र अल्कात अशा रंगाचाच साबण होऊ लागतो. जुन्या दारांचा रंग खरवडण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात तो याचमुळे.

आजच्या मोटारींचा सर्वांत वरचा पारदर्शक थर निराळ्या, अधिक चिवट बहुवारिकांचा असतो. पावडरने एकदा धुतल्याने तो विरघळत नाही, उगाच घाबरू नये. पण मेण जाते, आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवर पाणी भराभर उडून गेले की उरलेल्या थेंबांत सोड्याचे प्रमाण वाढत जाते. त्याचे डाग मागे राहतात.

खरा धोका ॲल्युमिनियमला आहे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात ॲल्युमिनियमच्या वर्खाचा तुकडा टाका. (हे शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडकी उघडी ठेवून करा.) थोड्या वेळाने बुडबुडे निघू लागतील. तो हायड्रोजन. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा आम्लात आणि अल्कात, दोन्हींत विरघळतो. चाकांवरच्या लाखेला चरा पडून धातू उघडा झाला असेल, तर तेथे हेच घडू शकते. चाकांवरचा लोहकणांचा तपकिरी थर काढण्यासाठी आम्लधर्मी द्रव मिळतात. तेही तेथे जपूनच वापरावेत.

तर सामू ७ च्या आसपासचा प्रक्षालक घ्यावा. मोटारींसाठी विकले जाणारे शाम्पू बहुधा असे असतात. पण ७ हा आकडा म्हणजे अभयपत्र नव्हे. भांड्यांचा द्रव उदासीन असूनही तेल काढण्यात इतका पटाईत असतो की मेणही घेऊन जातो. आणि रंगावरच्या बारीक चऱ्यांचा दोष लोक साबणाला देतात, तो बहुतेक वेळा धुळीचा असतो. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. ते पोलादी चाकूच्या पात्यापेक्षाही कठीण, मग रंगाची काय कथा! कोरड्या गाडीवर ओले फडके फिरवणे म्हणजे पॉलिशकागद घासणे होय. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग फेसाळ पाणी वरून खाली लावावे, आणि फडके वेगळ्या बादलीत वरचेवर खंगाळावे. चाके शेवटी.

हातांचाही विचार हवा. आपल्या त्वचेचा सामू ५ च्या जवळपास असतो. शहरांतील सोसायट्यांमध्ये रोज पहाटे दहा-दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाचे हात जर सोड्याच्या पाण्यात असतील, तर त्वचेवरचे नैसर्गिक तेल निघून जाऊन भेगा पडतात. गाडीच्या रंगासाठी महागडा शाम्पू आणणारे मालक त्याला रबरी मोजे मात्र देत नाहीत, याचे नवल वाटते.

दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी विहिरीचे व बोअरचे पाणी दुष्फेन असते. साबणाच्या वडीने अशा पाण्यात चिकट चोथा होतो, तो कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या अविद्राव्य साबणांचा. प्रक्षालकाने हा चोथा होत नाही, पण पाणी वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके राहतातच. म्हणून गाडी सावलीत धुवावी आणि पाणी वाळण्याआधी मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. ठिपके पडलेच, तर पाणी घालून पातळ केलेले व्हिनेगर कापसाने लावून लगेच भरपूर पाण्याने धुवावे.