वाफेची बोट आणि कालव्याचा काठ

मंडळी, पाटाला जोराचे पाणी सुटले की काठाची माती कशी ढासळते, हे तुम्हाला सांगायला नको. याच धास्तीपायी विलायतेत वाफेच्या बोटीची वाट अडली होती!

तिकडे कालव्यातल्या मालाच्या बोटी काठावरून घोडे ओढीत. स्कॉटलंडच्या विल्यम सिमिंग्टनने ‘शार्लट डंडास’ ही वाफेची बोट बांधली. मार्च १८०३ मध्ये, समोरून सोसाट्याचा वारा असताना, तिने ७०-७० टनांच्या दोन बोटी सुमारे ३० किलोमीटर ओढून ग्लासगोकडे नेल्या. सव्वानऊ तास लागले. पण कालव्याचे मालक राजी होईनात. तिच्या चाकाने उठणाऱ्या लाटांनी काठ धुपतील, ही त्यांची भीती. बोट पडून राहिली. बांध राखणारा माणूस त्यांना फारसा दोष देणार नाही म्हणा!

पुढे फ्रान्समध्ये वेगळीच तोड निघाली. पाण्याच्या तळाशी लांबच लांब लोखंडी साखळी टाकायची. बोटीवरचे इंजिन ती पुढून उचलून रहाटावर घेई आणि मागे पुन्हा पाण्यात सोडी. दोर धरून माणूस विहिरीतून वर येतो ना, तशीच बोट साखळी धरून पुढे सरके. पाणी घुसळायचे कामच नाही! सेंट क्वेंटिन कालव्याचा रिक्वाल बोगदा ५,६७० मीटर लांब. एवढ्या बोगद्यात धूर कोंडायचा. तिथे विसाव्या शतकात साखळीची बोट विजेवर चालू लागली.