निरंजनपूर ते भंवरकुआं

आपण इंदूरची मराठी माणसे आजही बोलण्याच्या ओघात ‘आपले इंदूर तसे लहानच’ असे म्हणून जातो. राजवाडा, रामबाग, नारायण बाग एवढेच ज्यांचे इंदूर होते, त्या पिढीच्या तोंडी हे वाक्य शोभत असे. त्या काळचे डॉक्टर सायकलवरून घरोघरी व्हिजिटला जात आणि रुग्ण कोणत्या वाड्यात राहतो, जिना किती अंधारा आहे, हे त्यांना पाठ असे. पुढे शहर आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेने विजयनगर, निरंजनपूर, देवास नाक्यापर्यंत पसरत गेले. आम्ही डॉक्टर दवाखान्यात बसू लागलो आणि रुग्ण आमच्याकडे येऊ लागले. ते कसे येतात, हा प्रश्न मात्र आमच्या केस पेपरवर कुठेच नव्हता.

मला तो प्रश्न एका मुलीने शिकविला. डिसेंबर २०१६ मधील गोष्ट. अकरा वर्षांची ही मुलगी ऱ्हुमॅटिक फीव्हरची माझी रुग्ण. वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. विशिष्ट जंतूंमुळे घसा दुखतो, बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात. सांध्यांची सूज निघून जाते, परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहून जाऊ शकते. आजार पुन्हा उलटला तर ती वाढते. तो उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. औषध जुने व स्वस्त आहे. अट एकच, की खंड पडता कामा नये.

या मुलीची दोन इंजेक्शने चुकली होती. आली तेव्हा गुडघा सुजलेला आणि दोन वाक्ये बोलताना धाप लागत होती. एकोमध्ये झडपेची गळती पूर्वीपेक्षा वाढलेली दिसली. मी रागावलो. बाहेर बसलेल्या लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात तिच्या आईला म्हणालो, “तुम्हाला मुलीपेक्षा कामावरची हजेरी मोठी वाटते का?”

कुटुंब मूळचे बऱ्हाणपूरकडचे, मराठी बोलणारे. आई लसूडियाच्या बाजूस एका कारखान्यात पॅकिंगचे काम करी. ती खाली बघून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आम्ही दोन्ही वेळा आलो होतो. पोचलो तोवर एक वाजून गेला होता. नंबर बंद झाला म्हणून परत पाठवलं.”

नंबर एक वाजता बंद करण्याचा नियम माझाच होता. कंपाउंडरने तो इमानाने पाळला होता.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळचा दवाखाना गुरुवारी बंद असतो. त्या गुरुवारी गाडी न घेता मी त्या मायलेकींच्या वाटेने निघण्याचे ठरविले: लसूडियापासून निरंजनपूरपर्यंत मिळेल त्या वाहनाने, तेथून आय-बसने भंवरकुआंपर्यंत आणि पुढे माझ्या दवाखान्यापर्यंत पायी.

निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा ११.४५ किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग मे २०१३ मध्ये सुरू झाला. त्याआधी टेम्पो आणि ‘नगरसेवा’ या नावाने धावणाऱ्या लहान बसगाड्यांवर शहराची मदार असे. २००५ साली महापालिका आणि विकास प्राधिकरण यांच्या सहभागातून शहर बससेवेची कंपनी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी बसगाड्या रस्त्यावर आल्या, आणि त्या पायावर हा मार्ग उभा राहिला. रस्त्याच्या मध्यभागी बससाठी रेलिंगने राखलेली मार्गिका, तिथेच स्थानके, आणि फलाट बसच्या दाराच्या उंचीचा. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ साली रूढ केलेली ही कल्पना २००९ मध्ये अहमदाबादने यशस्वी करून दाखविली होती.

हे सर्व मी वर्तमानपत्रात वाचले होते. बसमध्ये पाऊल मात्र त्या दिवशी प्रथमच ठेवले. एका कॉलेजकुमाराने “बैठो अंकल” म्हणून जागा दिली, तेव्हा आपले वय इतके दिसते हेही समजले.

निरंजनपूरला शेजारी एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन चढली. फलाट आणि बस एकाच पातळीवर असल्याने तिला पायरी चढावी लागली नाही. एक हात बाळाखाली, दुसऱ्यात लसीकरणाचे कार्ड ठेवलेली प्लास्टिकची पिशवी. सत्यसाई, विजयनगर, एलआयजी, इंडस्ट्री हाउस. प्रत्येक स्थानकावर गर्दी वाढत होती. पलासिया मागे पडल्यावर एक्स-रेची मोठी पाकिटे हातात धरलेली मंडळी उतरू लागली. ती एम.वाय. रुग्णालयाची वाट होती. जीपीओ, नवलखा मागे टाकून बस भंवरकुआंला आली, तेव्हा कोचिंगला जाणाऱ्या मुलामुलींचा लोंढा खाली उतरला आणि त्यांच्याबरोबर मीही.

बसचा प्रवास माझ्या अपेक्षेपेक्षा सुखाचा आणि वेगाचा होता. वेळ गेला तो तिच्या अलीकडे आणि पलीकडे. लसूडियात वाहन भरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे थांबलो. निरंजनपूरला तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो, पहिली बस गच्च भरलेली म्हणून सोडली. शेवटी भंवरकुआंचा चौक ओलांडून दवाखान्यापर्यंत चालत गेलो. पायरीवर पोचलो तेव्हा घर सोडून जवळजवळ पावणेदोन तास झाले होते. मी धडधाकट माणूस, हातात काहीही नाही. धाप लागणारे मूल घेऊन, सकाळची अर्धी पाळी भरून निघालेली ती आई एक वाजण्यापूर्वी पोचणार कशी?

मनाला आणखी एक गोष्ट लागली. आपल्या इंदूरने २०१५ पासून अवयवदानासाठी अनेक ग्रीन कॉरिडॉर केले. एका यकृतासाठी संपूर्ण रस्ता काही मिनिटे थांबतो, आणि त्याचा आपणा सर्वांना रास्त अभिमान आहे. दर २१ दिवसांनी एका इंजेक्शनसाठी शहर ओलांडणाऱ्या मुलीला मात्र माझ्या दवाखान्याचे दारही थांबले नव्हते.

पुढे केले ते साधेच. ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घेणाऱ्या मुलांना नंबरची वेळ लागू करणे बंद केले. विजयनगरमधील एका डॉक्टर मित्राला विनंती केली. इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवण्याची आणि रिअॅक्शन आल्यास उपचारांची सोय त्याच्याकडे होती. त्या मुलीची इंजेक्शने तिथे होऊ लागली. माझ्याकडे ती तीन महिन्यांनी येई. तेव्हापासून केस पेपरवर वजन-उंचीच्या खाली ‘कसे येता? किती वेळ लागतो?’ हा रकाना आहे. त्यानंतर तिचे एकही इंजेक्शन चुकलेले नाही. आज ती महाविद्यालयात शिकते. मात्र २०१६ साली वाढलेली गळती तेवढीच राहिली आहे. पुढेमागे झडपेची शस्त्रक्रिया लागू शकते. ती दोन इंजेक्शने मला परत देता येणार नाहीत.

यानंतर बीआरटीएसबद्दल लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. एरवी मी मोटारीतून जाणारा. कोंडीत अडकलो की शेजारची मोकळी मार्गिका पाहून मीही चडफडत असे. दिल्लीने आपला मार्ग २०१६ मध्ये मोडला, भोपाळमध्ये २०२४ साली काम सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर इंदूरची रेलिंगही निघू लागली. उरलेला रस्ता अरुंद पडतो, ही तक्रार खोटी नव्हती. अनेक सहव्यवसायिकांनी समाधान व्यक्त केले. पण त्या मोकळ्या मार्गिकेतून मिनिटा-दोन मिनिटांनी जाणाऱ्या एका बसमध्ये किती माणसे असतात, हे मी गाडीच्या काचेतून कधी मोजले नव्हते. रुग्णवाहिकाही त्याच मार्गिकेतून जात.

रेलिंग निघालेल्या टप्प्यातून गेल्या वर्षी पुन्हा बसने गेलो. बस आता मोटारी, रिक्षा, दुचाकी यांच्यात अडकत सरकत होती. ३१ मे २०२५ रोजी शहरात मेट्रो सुरू झाली, पण तिचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवरचा. लसूडियाच्या आईला तिचा अजून उपयोग नाही. रस्ता कसा असावा, हे वाहतुकीतील जाणकार ठरवोत. आपल्या हातात आपापल्या ओपीडीची वेळ आहे.

म्हणून सहव्यवसायिकांना एक विनंती. एखाद्या सुट्टीच्या सकाळी गाडीची किल्ली घरी ठेवावी, आपला सर्वांत दूरचा रुग्ण जिथून येतो तिथे जावे आणि त्याच्या वाटेने आपल्याच दवाखान्यापर्यंत यावे. नंबर बंद होण्याआधी आपण पोचतो का, तेवढे घड्याळात पाहावे.