काटा खोटं का बोलतो?

जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा बिघडला, की पहिला संशय डॅशबोर्डवरच्या गोल तबकडीवर येतो. कारण डोळ्यांसमोर तीच असते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा निर्दोष निघते. काटा नेमका कसा चुकतो ते नीट पाहिलं, तर टाकी न उघडताही दोष कुठे आहे याचा माग लागतो. त्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरतो.

मुळात काटा असणं हीच एके काळी चैन होती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली असायची. पेट्रोल किती उरलंय हे बघायचं तर बसलेल्यांना उठवा, गादी उचला, झाकण काढा आणि लाकडी पट्टी बुडवा! फोक्सवॅगनच्या बीटललाही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता. इंजिन आचके देऊ लागलं की खटका फिरवून राखीव पेट्रोल सोडायचं. आपल्याकडे चेतक चालवलेल्यांना ‘रिझर्व्हला आली’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

काट्याची यंत्रणा समजून घ्यायला एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार चांगली. १९६२ ते १९८० या काळात ती इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनत होती. तिच्या टाकीत एक फ्लोट तरंगतो. फ्लोटला दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क-बिंदू बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकतो. हा सगळा संच म्हणजे सेंडर. टाकी भरलेली असेल तर त्याचा रोध साधारण ३० ओहम, रिकामी असेल तर अडीचशेच्या आसपास. रोध कमी, तर प्रवाह जास्त. हा प्रवाह तबकडीमागच्या द्विधातू पट्टीभोवती गुंडाळलेल्या तारेतून जातो. पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर असा काटा सावकाश चढतो आणि घाटातल्या वळणांवर पेट्रोल हिंदकळलं तरी नाचत नाही.

पण उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची एक अडचण असते. बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास असतो, गाडी पळू लागली की १४ पर्यंत जातो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे सुमारे ३६ टक्क्यांनी. टाकीत थेंबभरही भर न पडता काटा वर जाईल! त्यावर उपाय म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी पत्र्याची डबी बसवलेली असते. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. आत आणखी एक द्विधातू पट्टी असते. इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखी ती प्रवाह सतत तोडते-जोडते आणि सरासरी १० व्होल्टचा दाब राखते. डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडे उड्या मारतात. तो बिघाड नव्हे, डबी काम करत असल्याची खूण आहे.

अनेक ब्रिटिश गाड्यांत तापमानाचा काटाही याच डबीवर चालतो. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर टाकीच्या वाटेला जायचं कारण नाही. डबी तरी गेली आहे किंवा तिचं अर्थिंग तरी तुटलं आहे. अर्थिंग नसलं की आतली पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि काट्यांना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. स्क्रूखालचा गंज पॉलिश पेपरने घासला, की कित्येकदा दुखणं तिथेच संपतं.

एकटा पेट्रोलचा काटाच चुकत असेल, तर सेंडरची वायर सोडवून बघावी. वायर सुटी ठेवून किल्ली फिरवली, तर एमजीबीचा काटा ‘रिकामी’वर राहायला हवा. मग किल्ली बंद करून ती वायर ३३ ओहमच्या रेझिस्टरमधून बॉडीला जोडायची आणि पुन्हा किल्ली फिरवायची. मिनिटभरात काटा ‘भरलेली’कडे गेला, तर तबकडी, डबी आणि मधली वायर तिन्ही सुटल्या. उरतो सेंडर आणि टाकीचं अर्थिंग.

अर्थिंगचा घोटाळा नव्याने रंगवलेल्या गाडीत हमखास होतो. टाकीवर आणि कड्यांवर चकचकीत रंग चढतो, रंगातून वीज जात नाही, आणि भरलेली टाकी काट्याला अर्धी दिसू लागते. टाकीपासून बॉडीपर्यंत एक वेगळी वायर ओढली की काम होतं.

काटा एका ठरावीक जागी आला की धपकन पडतो, त्याचं कारण तारेच्या वेटोळ्याची झीज. कायम ‘रिकामी’ दाखवत असेल, तर फ्लोट बुडाला असण्याची शक्यता मोठी. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला की आत शिरलेलं पेट्रोल डुचमळताना ऐकू येतं. फार जुन्या गाड्यांत फ्लोट बुचाच्या लाकडाचे असत, त्यांवर बहुधा लाखेचा लेप असे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. २०२३ पासून भारतात टप्प्याटप्प्याने आलेल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, असतं. लेप गेला की बूच पेट्रोल पितं आणि जड होतं.

सेंडर काढताना बॅटरीची वायर आधी सोडवायची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. बंद टाकीत ती सहसा त्याहून दाट असते, म्हणून तिथे विजेचा संपर्क घासत असूनही भडका उडत नाही. झाकण उघडून हवा आत शिरली, की हे संरक्षण संपतं. पेट्रोल शिरलेल्या फ्लोटला डाग देणं तर साफ वर्ज्य.

नवा सेंडर घेतानाही मापं बघावी लागतात. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या जनरल मोटर्सच्या अमेरिकी गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असं उलट गणित आहे. तसा सेंडर एमजीबीला लावला, तर पेट्रोल संपत जाईल तसा काटा वर चढेल. प्रीमियर पद्मिनीसारख्या उत्पादन थांबलेल्या गाडीसाठी बाजारातला ‘कुठल्याही गाडीला बसणारा’ सेंडर घेताना मल्टिमीटर सोबत न्यावा. दांडी दोन्ही टोकांना हलवून मिळालेले ओहम जुन्या सेंडरच्या आकड्यांशी जुळले, तरच तो घ्यावा.