मानमोडीचा मऊ थर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने पेठ ओलांडली की अवसरी घाट लागतो. तिथून पुढे रस्त्यासाठी कापलेला डोंगर दिसेल तिथे नीट पाहावं: काळा कातळ, मुरूम, पुन्हा कातळ. संपादकांनी मला जुन्नरच्या लेण्यांवर लिहायला पाठवलं होतं, आणि हे थर डोक्यात घेऊनच मी डोंगर चढलो.

सातवाहनकाळात जुन्नरभोवती दोनशेच्या आसपास लेणी खोदली गेली. लेण्याद्रीला गर्दी असते, तुळजा लेण्यातलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह जाणकारांना ठाऊक असतं. मी रेंगाळलो ते मानमोडी डोंगरातल्या भूतलिंग लेणीगटात, कारण तिथलं चैत्यगृह अपुरं आहे. पुऱ्या लेण्यात टाकीचे घाव घासून गुळगुळीत केलेले असतात, कारागिराची रीत झाकली जाते. अपुऱ्यात ती उघडी राहते.

काम वरून खाली चालायचं. आधी छत, मग खांबांचे माथे, सगळ्यांत शेवटी जमीन. न खोदलेल्या दगडावरच उभं राहायचं, म्हणून परांची लागत नसे. समांतर चर पाडायचे आणि मधले कातळ फोडून काढायचे; अजिंठ्याच्या 24 क्रमांकाच्या अपुऱ्या लेण्यात हे आजही दिसतं. खांब उभारायचा नसतो, राखायचा असतो. पहिला घाव घालतानाच तळाशी काय उरणार हे ठरलेलं हवं. मला या धाडसाचं फार अप्रूप वाटतं.

याच जुन्नरात काशाचं काम करणाऱ्यांची श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, होती. तिच्याकडे दानाची ठेव ठेवल्याचं शिलालेख सांगतो. ओतकामात मेणाचा नमुना हवा तितका बदलता येतो, ओतीव वस्तू बिघडली तर पुन्हा मुशीत टाकता येते. दगडाला मूस नाही.

भूतलिंगच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी आहे, आणि चंद नावाच्या यवनाने हा दर्शनी भाग दान दिल्याचा लेखही. आत मात्र दगडात आडवा मऊ थर लागला; बहुधा त्यामुळेच काम सोडावं लागलं. असा थर बाहेरून कळत नाही. कळतो तेव्हा छत होऊन गेलेलं असतं, आणि वगळता येईल असं काहीच उरत नाही.

आता काळजी वाटते ती त्या कमानीची. मऊ दगड पाण्याने आधी झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी होतो. भेगेत सिमेंट भरलं तर पाणी शेजारून वाट काढतं, म्हणून आधी डोंगरावरचं पाणी वळवायला हवं.