आठ वॅट की पंचाहत्तर?

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला माणूस आधी वॅट विचारतो. विचारायला हवं ते स्पीकरबद्दल. '३००बी' हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३०च्या दशकातला व्हॉल्व्ह. एकटा असला की जेमतेम ८ वॅट देतो. मॅकिंटॉशचा १९६१चा 'एमसी २७५' अ‍ॅम्प्लिफायर मात्र 'केटी८८' व्हॉल्व्हची जोडी जुंपून दर चॅनेलला ७५ वॅट काढतो. आकडा नऊपट, पण फरक दहाएक डेसिबलचाच. कारण ताकद दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने चढतो. एका वॅटला ९८ डेसिबल देणाऱ्या भोंग्याच्या स्पीकरवर ८ वॅटमध्ये दिवाणखाना भरतो. ८६वाल्यावर मात्र डग्गा गुदमरतो.

पैसा बराचसा जातो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॉल्व्हला लागणारा हजारो ओहमचा भार आणि स्पीकरचे आठ ओहम यांची गाठ तोच घालून देतो. गाभा हलका असला की आधी खर्ज ढासळतो, म्हणून दुकानात अ‍ॅम्प्लिफायर उचलून बघावा. ३००बीची ती गाजलेली ऊब म्हणजे बरीचशी दुसऱ्या हार्मोनिकची भेसळच. मला ती गळ्यावर आवडते, मोठ्या ऑर्केस्ट्रावर नाही. आणि हो, बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. झाकण जाणकारानेच उघडावं.