घटातल्या मातीचा वास

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला रांगा लागतात, तेव्हा ठाण्यातल्या कितीतरी घरांत घट बसलेले असतात. परडीत माती, तीत पेरलेलं धान्य आणि रोज थोडं पाणी. माती भिजली की पहिल्या पावसाचा वास घरात येतो. त्याचं श्रेय मातीला मिळतं; कमाई मात्र स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंची. त्या वासामागच्या मुख्य रसायनाला १९६५ साली ‘जिओस्मिन’ हे नाव मिळालं.

जिओस्मिन टर्पिनॉइड कुळातलं. कापूर आणि पुदिन्यातला मेंथॉल याच कुळातले. या कुळाची वीट पाच कार्बन अणूंची. जिवाणू साखर फोडतो, तिच्यातून निघालेलं पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट एकत्र आणतो आणि एकामागून एक एन्झाइम कामाला लावून ही वीट पाडतो. तीन विटा जोडल्या की १५ कार्बनची साखळी तयार होते: फार्नेसिल डायफॉस्फेट.

इथे वाट फुटते. एक एन्झाइम साखळी वळवून तीन कार्बन झटकतं. उरतं १२ कार्बनचं जिओस्मिन. काही जातींत दुसरं एन्झाइम तिलाच तीन कड्यांत गुंफतं, पुढची एन्झाइमं तिच्यावर ऑक्सिजन चढवतात आणि हाती येतं पेंटालेनोलॅक्टोन हे प्रतिजैविक.

त्याची चाल बेरकी आहे. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट हा साखरेतून ऊर्जा मिळवण्याच्या वाटेवरचा थांबा. तिथून पुढे नेणारं एन्झाइमच पेंटालेनोलॅक्टोन बंद पाडतं. म्हणजे ज्या मालातून हत्यार घडलं, तोच माल शेजाऱ्याच्या घशात अडकवायचा! बनवणारा स्वतः वाचतो, कारण त्याच्याकडे या विषाला दाद न देणारं वेगळं एन्झाइम असतं. आपल्या पेशींकडे ती सोय नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं प्लॅटेन्सिमायसिन हे आणखी एक प्रतिजैविक २००६ साली जाहीर झालं. त्याचा पिंजऱ्यासारखा भाग चार विटांच्या, २० कार्बनच्या साखळीतून घडतो. ते जिवाणूंची मेदाम्लं बनवण्याची यंत्रणा अडवतं.

महाराष्ट्रात असा शोध पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये लागला. एम. जे. थिरुमलाचार यांच्या चमूने १९६१च्या सुमारास तिथे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते टर्पिनॉइड नव्हे. त्याची वीट वेगळी. कारागीर मात्र याच घराण्यातला, आणि त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.