वर्तनविकृती, बालकांतील : औषधोपचार
वारंवार मारहाण, नासधूस, प्राण्यांना इजा करणे इ. आक्रमक वर्तन वर्तनविकृतीच्या बालकांत आढळते. मातापित्यांना संगोपनाचे प्रशिक्षण व बालकावर वर्तनोपचार हे त्यावरील मुख्य उपाय असून औषधे पूरक होत. १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उद्दीपक औषध वर्तनसमस्या असलेल्या ३० बालकांना दिले. त्यांपैकी अनेकांच्या वर्तनात व अभ्यासात सुधारणा आढळली. अवधानन्यूनता व अतिचंचलता सोबत असल्यास मिथिलफेनिडेटसारख्या उद्दीपकांनी आक्रमकताही घटते. म्हणून या विकाराची तपासणी प्रथम करतात. इतर उपायांनी न आवरणाऱ्या तीव्र आक्रमकतेत रिस्पेरिडोन अल्पकाळ देतात. ते मेंदूतील डोपामीन व सेरोटोनिन यांच्या क्रियेस अवरोध करते. त्यामुळे वजन, रक्तातील साखर व प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन वाढू शकते. यास्तव वजन व रक्त नियमित तपासावे लागते. ब्रिटनमधील २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा आठवड्यांत लक्षणीय गुण न आल्यास ते बंद करावयाचे असते. औषधाने आवेग ओसरला, तरी राग आवरण्याची सवय बालकास शिकवावीच लागते; म्हणून औषध चालू असतानाही वर्तनोपचार सुरू ठेवतात.